हवेला वाट

गाडीत डाव्या पायाला कुणी फारसं विचारत नाही. वेग उजव्या पायाचा, थांबणं उजव्या पायाचं, कौतुकही त्याचंच. डावा आपला कोपऱ्यात टेकून बसलेला, गिअर बदलायची वेळ आली की तेवढ्यापुरता उठणारा. पण गाडीच्या पोटात काही बिनसलं की पहिली खबर बऱ्याचदा त्यालाच लागते. इंजिन तापलं तर काटा चढतो, डिझेल संपत आलं तर दिवा लागतो. क्लच बिघडू लागला तर ना काटा ना दिवा. जे काही सांगायचं ते पेडल तळव्याला सांगतं, आणि तेही हळू आवाजात.

माझी गाडी जुनी, सात जणांची, डिझेलवर चालणारी. तिचा क्लच पेडलच्या साधारण निम्म्या वाटेवर धरायचा. ही जागा पायात इतकी मुरलेली की जाड तळाची कोल्हापुरी चप्पल घातली तरी पाय तेवढी जाडी वजा करून आपला हिशेब जुळवायचा. उन्हाळा उतरणीला लागला आणि हा हिशेब चुकायला लागला. धरण्याची जागा रोज थोडी खाली सरकत होती.

मोकळ्या रस्त्यावर असल्या गोष्टी लपून राहतात. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलेला माणूस तासभर डावा पाय विसरू शकतो. जालन्यातल्या मस्तगडच्या गर्दीत ती सोय नाही. पुढे हातगाडी, बाजूला रिक्षा, मध्येच मोसंबीचे क्रेट उतरवणारा टेम्पो. वीतभर सरका, थांबा, पुन्हा वीतभर सरका. तिथे दर चार पावलांवर क्लच दाबावा लागतो आणि खोटं बोलणारं पेडल पकडलं जातं. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसं माझं पेडल लागायला लागलं होतं. पाय खाली जायचा, पण आपण कशावर तरी दाब देतो आहोत असं वाटायचंच नाही. मग रिव्हर्स टाकताना दातांवर दात घासल्याचा आवाज येऊ लागला. आणि एका संध्याकाळी, पेडल पार खाली टेकवलेलं असताना, गाडी आपणहून पुढे सरकू लागली. उजवा पाय ब्रेकवर होता म्हणून समोरच्या रिक्षावाल्याला त्याचा पत्ता लागला नाही.

असं काही झालं की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘क्लचप्लेट गेली’ हा आपल्याकडचा सर्वमान्य निकाल. गिअरबॉक्स उतरवा, प्लेट बदला, त्यासोबत प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदलून टाका. बाई गाडी चालवत असेल तर निकालाला एक पुरवणी जोडलेली असते: पाय क्लचवर ठेवून चालवता का? मी ठेवत नाही. पण माझी हरकत वेगळीच होती. प्लेट झिजली की इंजिन ओरडतं आणि गाडीला त्या मानाने वेग येत नाही, कारण क्लच नीट धरत नाही. माझी तक्रार नेमकी उलटी होती. माझा क्लच धरलेलं सोडत नव्हता. इंजिन बंद ठेवून गिअर टाकले तर सगळे लोण्यासारखे नसले तरी मुकाट पडत होते; इंजिन सुरू केलं की अडत होते. म्हणजे गिअरबॉक्सचा दोष नव्हता. पायाचा जोर खाली पोचायच्या आतच वाटेत कुठेतरी हरवत होता.

ज्या गल्लीतल्या शेडमध्ये मी गाडी नेली तिथून मस्तगडाची जुनी वास्तू लांब नाही. साखरखेर्ड्याची १७२४ ची लढाई जिंकून निजाम-उल-मुल्क दख्खनचा धनी झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १७२५ मध्ये, त्याच्या हुकमावरून काबिलखानाने कुंडलिकेकाठच्या या गावात कोट बांधला. चौकोनी आखणी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आणि आत एक अजब विहीर, जिच्या भोवती सज्जे आणि खोल्या आहेत. बांधकामाचं साल सांगणारा फारसी शिलालेखही आहे. पुढे गावची नगरपालिका तिथूनच चालली. कोटाच्या आत विहीर हवी हे बांधणाऱ्याला पहिल्यापासून कळलं होतं. भिंत कितीही जाड असली तरी आतलं पाणी संपलं की वेढा फळतो.

शेडमधले चाचा वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी पाना हातात घेतला नाही, जॅकही लावला नाही. चालकाच्या दाराशी उकिडवं बसून त्यांनी पेडल हाताने दाबलं. एकदा, अगदी सावकाश. पेडल निम्म्यापेक्षा जास्त पोकळ गेलं. मग भराभर चार-सहा वेळा पंप केलं, आणि गंमत म्हणजे पेडल वर आलं, घट्ट झालं. थोडा वेळ हात काढून पुन्हा दाबलं, तर पुन्हा मऊ.

‘एअर धरलीय,’ ते म्हणाले. ‘पण एवढ्यावर थांबायचं नाही, बाई. एअर आत आली कुठून ते बघायला पाहिजे.’

मग त्यांनी पेडल पंप करून घट्ट केलं आणि तसंच दाबून धरलं. ते हळूहळू बुडतं का हे त्यांना पाहायचं होतं. बाहेर कुठे थेंबही सांडलेला नसताना पेडल हाताखाली बुडत गेलं, तर वरच्या सिलिंडरमधलं रबर आतल्या आत तेल मागे सोडतं आहे असं समजायचं. आमचं बुडालं नाही. पेडलच्या मागे, जिथे दांडा पत्र्यातून पलीकडे जातो, तिथे त्यांनी बोट फिरवलं. कोरडं. खालचं पायपुसणंही कोरडं. मग ते गाडीखाली गेले आणि गिअरबॉक्सच्या कुशीला असलेल्या खालच्या सिलिंडरची रबरी टोपी नखाने किंचित उचलली. तिथून काळपट तेलाचा ओघळ त्यांच्या मनगटावर उतरला. ‘मिळालं,’ एवढंच ते बोलले.

ही तपासणी व्हायला एक चहा पुरेसा होता आणि तिला एक छदामही लागला नव्हता. गिअरबॉक्स उतरवणं हे दिवसभराचं काम. चाचांच्या कारभारात स्वस्त प्रश्न आधी आणि महाग प्रश्न नंतर असा क्रम होता. मला तो पटला, कारण घाबरलेला माणूस नेमका उलट्या टोकापासून सुरुवात करतो.

या क्लचमध्ये पेडल आणि प्लेट यांच्यामध्ये तार नसते, द्रव असतो. पेडलला जोडलेला दांडा वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतो. तिथलं तेल बारीक नळीतून खाली जातं आणि दुसऱ्या दट्ट्याला ढकलतं. तो दट्ट्या एक काटा हलवतो, काटा बेअरिंगला पुढे सारतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं दाबतं, आणि इंजिनने घट्ट धरलेली प्लेट मोकळी होते. खालच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ वरच्याच्या दीडपट असेल तर जोर दीडपट होतो, पण सरकणं तेवढ्याच पटीत कमी. फुकट काही मिळत नाही. पायाने पेडल वीतभर दाबावं तेव्हा खालचा दट्ट्या जेमतेम एक-दीड सेंटिमीटर सरकतो. सगळी मदार या एवढ्याशा अंतरावर. त्यातलं निम्मं हरवलं तर प्लेट अर्धीच सुटते, आणि रिव्हर्सचे दात खरखरतात.

हे सगळं चालतं ते एकाच भरवशावर: मधला द्रव दबत नाही. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला. त्याचा तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. शाळेत मला त्यात तोंडपाठ करण्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. चाचांच्या शेडमध्ये दिसलं. निरोप्याचं काम करणाऱ्याने स्वतः आकसायचं नाही, स्वतःसाठी काही ठेवून घ्यायचं नाही. मिळालं तेवढं पुढे द्यायचं. तेल हे काम चोख करतं. आणि त्या तेलात मुगाएवढा हवेचा बुडबुडा शिरला की पायाने दिलेलं सगळं आधी तो बुडबुडा खातो. हवा आक्रसते, पेडल खाली जातं, खालचा दट्ट्या जागचा हलत नाही. भराभर पंप केलं की वरून जास्तीचं तेल नळीत उतरतं, बुडबुडा काही काळ चेपून राहतो, आणि पेडल बरं झाल्यासारखं वाटतं. पुष्कळ लोक त्या बरं वाटण्यावर महिनोन् महिने गाडी रेटतात.

हवेला यात दोष तरी कसा द्यावा? तीच हवा त्याच गाडीच्या चार टायरांमध्ये भरलेली असते आणि ती आक्रसते म्हणूनच खड्ड्यांचा मार आपल्या पाठीपर्यंत पोचत नाही. टायरमध्ये तिच्या ज्या स्वभावाचे आपण पैसे मोजतो, तोच स्वभाव क्लचच्या नळीत अपराध ठरतो. तिला हाकलायचं नसतं, नुसती वाट करून द्यायची असते. ती हलकी, नळीत जिथे उंचवटा असेल तिथे जाऊन बसणार. म्हणून एअर काढायचं निपल सिलिंडरच्या वरच्या अंगाला ठेवलेलं असतं. हवा जिथे आपणहून येणार तिथेच दार.

जालन्याच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागू नये. पुष्कळ दिवसांनी नळाला पाणी यायचं असतं तेव्हा आधी काय येतं? हवा. तोटी फुसफुसते, खोकते, दोन-चार थेंब उडवते, पुन्हा फुसफुसते, आणि मग धार लागते. अनुभवी गृहिणी त्या आवाजावर घागरी मांडते. या गावाचं पाणी पिढ्यान् पिढ्या नळीतूनच आलेलं आहे. मलिक अंबरच्या काळात इथला अंमलदार जमशेदखान याने मशीद बांधली, सराई बांधली, गावाच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला आणि त्याचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला तेव्हा पास्कल जेमतेम तीन वर्षांचा होता. नियम कागदावर येण्याआधी पाणी तो पाळत होतं आणि नळ टाकणाऱ्यांना तो हाताने माहीत होता. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचं पाणीही पंपावाचून, नुसत्या उताराच्या बळावर शहरात येई. आता पाणी पार पैठणच्या जायकवाडीहूनही येतं.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरची नहर पाहताना मला नेहमी त्या चुनेगच्ची मनोऱ्यांचं नवल वाटायचं. पाणी जमिनीखालून नेलं, मग मध्येच हे उंच खांब कशाला? पाणचक्कीजवळ तर पाणी एका भिंतीत वर चढवून मग खाली सोडलेलं आहे. लहानपणी ती शोभा वाटली. कारण पुढे कळलं. बंद नळात हवा कोंडते, कोंडली की वाहणं अडतं, दाब वाढला की नळ फुटतो. म्हणून पाण्याला मध्ये मध्ये वर येऊ द्यायचं आणि हवेला मोकळं करायचं. बांधणाऱ्यांनी नहरीला अशी तोंडं जागोजागी ठेवली. माझ्या क्लचचं निपल म्हणजे पितळी-लोखंडी टिकलीएवढं काम. दोन्हींमागचा हिशेब एकच आहे.

चाचांनी खालचा सिलिंडर सोडवून फडक्यावर ठेवला, दट्ट्या बाहेर काढला आणि आत करंगळी फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. मग त्यांनी मलाही बोट घालायला लावलं. भिंतीला गंजाचे बारीक खळगे लागले होते. अशा वेळी नुसतं स्वस्तातलं रबर किट टाकून भागत नाही. नवं रबर त्याच खळग्यांवर घासून पुन्हा फाटतं. सिलिंडरच नवा बसवायला हवा. भिंत गुळगुळीत असती तर त्यांनी किटवर भागवलं असतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

गंज आला कुठून? बाहेरच्या पावसातून नव्हे. ज्याला आपण सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो ते इंजिनच्या तेलाच्या जातीचं नसतं. ग्लायकॉल-ईथरचं ते द्रव हवेतली ओल शोषून घेतं, आणि पाच-सहा पावसाळे बदललं नाही तर स्वतःच पाणी बाळगून बसतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. क्लचला ब्रेकइतका ताव सोसावा लागत नाही, पण पाण्याने लोखंडाला गंज तर चढतोच. घाईघाईत कुणी त्या डब्यात इंजिन ऑइल ओतलं तर आणखी वाईट: आतली सगळी रबरं फुगतात आणि वरपासून खालपर्यंत सारं बदलावं लागतं. हे तेल रंगाचाही वैरी. चाचांच्या पोराच्या हातून बोनेटखाली थेंब पडला तसा त्याने पुसत न बसता त्यावर आधी पाण्याचा मग उपडा केला.

माझ्या गाडीत क्लच आणि ब्रेक यांचा तेलाचा डबा एकच आहे. चाचांनी त्यातली एक खुबी दाखवली. क्लचकडे जाणारी नळी डब्याला जरा वरच्या अंगाला जोडलेली. तेल कमी झालं की आधी क्लच उपाशी राहतो. ब्रेकच्या वाटणीचं तेल तळाशी शिल्लक राहतं. म्हणजे कारखान्यात बसून ज्या कुणी हा डबा आखला त्याने ठरवून ठेवलं होतं की संकट आलं तर पहिला बळी डाव्या पायाचा. गाडी गिअरमध्ये पडली नाही तर माणूस रस्त्यात अडकतो. गाडी थांबली नाही तर काय होतं ते सांगायला नको. तेव्हापासून मऊ पडलेल्या पेडलचा मला राग येत नाही. ते उजव्या पायाच्या वाटचं दुःख आधी भोगून खबर देत असतं.

नवा सिलिंडर बसला आणि एअर काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात आणि दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. एक गाडीखाली पाना धरून, एक पेडलवर. पोराला डब्यावर नजर ठेवायला बसवलं होतं, कारण तेल तळाला गेलं तर वरून नवी हवा शिरणार आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणून पेडलवर मी बसले. निपलला पारदर्शक नळी लावलेली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. खालून आवाज यायचा.

‘दाबा.’

मी दाबायची आणि ‘दाबलं’ म्हणायची. खाली पाना पाव फेरा फिरायचा, पायाखालचं पेडल अचानक बुडायचं, बाटलीत बुडबुडे फुटल्याचा आवाज यायचा. पाना बंद व्हायचा.

‘सोडा.’

हा क्रम मोडायचा नाही. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर गेलेली हवा त्याच दारातून परत. सुरुवातीला पेडल आपणहून वर येत नव्हतं. बोटांनी ओढून घ्यावं लागत होतं. मला तो पाना दिसत नव्हता, त्यांना माझा पाय दिसत नव्हता. दोघांच्या मधली एकसंधता त्या दोन शब्दांवर टिकून होती. त्यात कुणी एक ‘हो हो, दाबलंय’ म्हणत अर्धवट दाबून बसला असता तर तीही हवाच ठरली असती. हळूहळू बुडबुडे बारीक झाले, विरळ झाले, काळपट तेल जाऊन फिकट पिवळी धार आली. आणि मग एका दाबाला पेडलने पायाला उलट उत्तर दिलं. धरण्याची जागा पुन्हा निम्म्या वाटेवर आली होती.

सगळ्याच गाड्या एवढ्यावर सुटत नाहीत. काहींमध्ये रबरी नळी आतून फुगते आणि दाब गिळते. काहींमध्ये पेडलच्या दांड्याला जरासाही ढिलेपणा उरत नाही, त्यामुळे तेलाची परतीची वाट बंद राहते आणि क्लच सुटल्यावरही अर्धा दाबलेलाच राहून प्लेट जाळतो. हल्लीच्या कित्येक गाड्यांत खालचा सिलिंडर थेट गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा महाग प्रश्नाची पाळी येते. पण ती रांगेत शेवटी यावी.

चाचांनी सिलिंडरचे पैसे पावतीवर लिहिले, मजुरी तोंडी सांगितली, आणि एअर काढण्याचं काहीच लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘हवेचे काय घ्यायचे?’ मी पैसे वाढवून दिले. माझ्या मते त्या दिवसाच्या कामातली विद्या सगळी तिथेच होती.

निघताना त्यांनी तेलाच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने महिना आणि साल लिहिलं. दोन वर्षांनी या तारखेला तेल बदलायचं, पेडल चांगलं असलं तरी. मस्तगडावर फारसीत कोरलेलं साल वास्तू कधी उभी राहिली ते सांगतं आणि तेवढ्यावर त्याचं काम संपतं. जमशेदखानाचे नळ कधीच निकामी झाले. ते टाकणाऱ्याचं नाव आजही सांगता येतं; ते कधी तपासायचे होते याची तारीख मात्र कुठेच कोरलेली नाही. मला आता झाकणावरच्या तारखा जास्त कामाच्या वाटतात. घरी आल्यावर मी तीच तारीख कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवली.